‘आपण काही त्यातले शिकलेले नाही’

‘आपण काही त्यातले शिकलेले नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या तोंडून आणि इतक्या निमित्तांनी ऐकू येते की ते विनयाचे लक्षण समजण्याची आपल्याला सवय होऊन गेली आहे. आपल्या शेतासाठी स्वतःच कोळपे घडवणारा शेतकरी ते म्हणतो. वीस वर्षे मुलांसाठी गोष्टी रचणारी अंगणवाडीची सेविका ते म्हणते. कवितांची वही ट्रंकेच्या तळाशी ठेवणारा कारकूनही तेच म्हणतो. मला या वाक्यात विनयापेक्षा भय अधिक दिसते. आणि हे भय एकेकट्याच्या स्वभावातून उपजलेले नसून बाहेरून आत शिरलेले आहे, असे माझे मत आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने निर्मितीविषयी लिहिण्याचा अधिकार कोठून आणला, असे कोणी विचारील. पण तोच प्रश्न या लेखाचा विषय असल्यामुळे त्याचे वेगळे उत्तर देत बसत नाही.

पदवी म्हणजे काय, याचे अर्थशास्त्राने दिलेले एक उत्तर येथे उपयोगी पडणारे आहे. मायकेल स्पेन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली श्रमबाजारातील ‘संकेतां’विषयी एक निबंध प्रसिद्ध केला. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत ते एक होते. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: नोकरी मागायला आलेल्या माणसाचे खरे गुण मालकाला दिसत नाहीत. पदवी मिळवण्याचे कष्ट गुणी माणसाला तुलनेने कमी पडतात, असे धरून मालक पदवीवरून गुणांचा अंदाज बांधतो. यातला धक्कादायक भाग पुढे आहे. शिक्षणामुळे माणसाची कार्यक्षमता तसूभरही वाढली नाही, असे गृहीत धरले तरीसुद्धा पदवीधराला जास्त पगार मिळू शकतो, हे स्पेन्स यांनी दाखवून दिले. शिक्षणाने काहीच वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यांनी एवढेच दाखवले की पदवीची किंमत आणि ज्ञानाची किंमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

याचा अर्थ असा की पदवी ही मालकाच्या नावे लिहिलेली चिठ्ठी आहे. ती त्याने वाचावी, हवे तर तिच्यावर विश्वास ठेवावा. आपल्याकडे घडले ते असे की ज्याच्याजवळ ही चिठ्ठी नाही तो माणूस ती नसणे हाच स्वतःविषयीचा निकाल समजू लागला. शिवाय, ‘गुणी माणसाला कष्ट कमी पडतात’ हे गृहीतक आपल्या समाजात मुळातच लंगडे आहे. पदवीपर्यंत पोचण्याचे कष्ट कोणाला किती पडतात हे येथे बुद्धीपेक्षा बापाची जमीन, घराची जात, कॉलेजचे अंतर आणि घरात मुलगी जन्मली की मुलगा, यांवर अधिक ठरत आले आहे. मग जी चिठ्ठी परिस्थितीने नाकारली, तिच्या अभावावरून स्वतःच्या बुद्धीचे माप काढायचे, हा कोठला न्याय?

या भयाची मुळे विद्यापीठांहून जुनी आहेत. कोणी काय करावे हे ज्या समाजात जन्माने ठरत होते, तेथे जात हाच परवाना होता. सुताराने लाकूड घडवावे, पण ग्रंथ हाती धरू नये. ब्राह्मणाने ग्रंथ वाचावा, पण रंध्याला हात लावला तर कमीपणा. बलुतेदारीतल्या कारागिरीचे आज जे कौतुक होते त्यात ही गोष्ट सोयीने विसरली जाते. त्या व्यवस्थेत घडवणाऱ्याला हात होते. घडवण्याचा विचार कोणाचा, हे सांगण्याची मुभा नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असे सुचवले होते. प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, असे ते शिक्षक असावेत, ही त्यांची अपेक्षा होती. शेतीचे प्राथमिक ज्ञानही त्यांना शाळेत हवे होते. विद्येचा एवढा कैवारी दुसरा झाला नाही. आणि विद्या हातापासून तुटली तर ती पुन्हा एक नवी उतरंड उभी करील, हेही त्याच माणसाने ओळखले होते. स्वातंत्र्यानंतर आपण शाळा काढल्या आणि परवान्याचे नाव बदलले. पदवी निदान तत्त्वतः कोणालाही मिळवता येते, जात मिळवता येत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण ज्याला ती मिळाली नाही त्याच्या कानात दोन्ही परवाने एकच गोष्ट सांगतात: हे तुझे काम नव्हे.

आता एका माणसाची हकीकत. ती अनेकांना ठाऊक आहे. पण ती बहुधा हळहळण्यासाठी सांगितली जाते, आणि त्या हळहळीत तिचा गाभा हरवतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड ते निराळे. या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित अल्पभूधारक शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक. शेतात वेगळी लोंबी दिसणे ही काही आगळी घटना नव्हे. ती पूर्व विदर्भातल्या हजारो शेतकऱ्यांना दर हंगामात दिसत असेल आणि बाकीच्या धानाबरोबर मळणीत जात असेल. खोब्रागड्यांनी ती बाजूला काढली, दाणे जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात वेगळे पेरले. रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून त्या तुकड्याला काट्यांचे कुंपण केले. आलेल्या पिकातून पुन्हा हव्या त्या लोंब्या निवडल्या, पुन्हा पेरल्या. असे वर्षानुवर्षे चालले. रोप स्थिर झाले, दाणा बारीक राहिला, भात खायला चांगला लागला, उतारा चांगला पडला. मग गावातल्या इतरांनी बियाणे नेले. १९९० च्या आसपास ते धान तळोधीच्या बाजारात पोचले, तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी ‘एचएमटी’चे मनगटी घड्याळ लोकप्रिय होते, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव ठोकून दिले. तो घड्याळांचा सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तांदूळ मात्र त्या नावाने आजही विकला जातो. खोब्रागडे तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’ आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचे ‘डीआरके’, असे आणखी कितीतरी वाण त्यांनी निवडून काढले.

येथे थोडा शास्त्राचा भाग सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून या माणसाने नेमके काय केले हे कळत नाही. धान हे बव्हंशी स्वपरागित पीक आहे. म्हणजे फुलाचे परागण बहुधा त्याच फुलातल्या परागाने होते. त्यामुळे एखाद्या वेगळ्या रोपाची संतती वेगळी वाढवून तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत गेले, की काही हंगामांत गुणधर्म पक्के होतात. शेतकी महाविद्यालयांत हाच पाठ शुद्ध वंशाची निवड म्हणून शिकवतात. खोब्रागड्यांनी ‘अडाणीपणाने नशिबाने’ काही मिळवले नाही. त्यांनी पुस्तकातलीच रीत पुस्तकावाचून, डोळे उघडे ठेवून आणि अपार सबुरीने पाळली. आणि त्या पुस्तकाचा उगम पाहू गेले तर आणखी एक गंमत आढळते. शुद्ध वंशाचा सिद्धान्त विल्हेल्म योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्याच्या बियांवरील प्रयोगांतून मांडला. अनुवंशशास्त्रातला ‘जीन’ हा शब्दही १९०९ साली त्यानेच रूढ केला. या योहान्सेनला विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च घरून परवडणारा नव्हता, म्हणून तो औषधविक्याकडे उमेदवारीला राहिला आणि बाकीचे शास्त्र स्वतःच शिकला. पुढे तो कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाला, हे त्या विद्यापीठाला भूषणावह आहे. डेन्मार्कमधल्या उमेदवाराला विद्यापीठाने आत घेतले. नागभीड तालुक्यातल्या शेतकऱ्याचे काय झाले?

१९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून या वाणाचे बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. मूळ बियाण्यातली भेसळ काढून आपण ते शुद्ध केले, असे विद्यापीठाच्या बाजूने सांगण्यात आले. हे काम उपयुक्त असू शकते, ते मी नाकारत नाही. परंतु शुद्धीकरण आणि निर्मिती यांत फरक आहे, आणि मूळ निर्मात्याचे नाव श्रेयात असायला कोणतीही शास्त्रीय अडचण नव्हती. पुढे सन्मान झाले, पुरस्कार मिळाले, २०१० साली ‘फोर्ब्ज’ या नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. पैसा मात्र आला नाही. शेवटची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली आणि ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

ही अन्यायाची बाजू झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु मला दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. १९८३ ते १९९० ही जी सात वर्षे गेली, त्यांत या माणसाला कोणाचीही मान्यता नव्हती. पुरस्कार नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, वाणाला नावसुद्धा नव्हते. दीड एकरातला एक तुकडा दर हंगामी अशा प्रयोगाला द्यायचा, ज्याच्या यशाची हमी नाही. आणि तोही अशा घरातल्या माणसाने, ज्याला एका हंगामाचे नुकसान सोसणे कठीण. त्यांना शंका आली नसेल, असे मला वाटत नाही. फक्त त्यांची शंका लोंबीविषयी असली पाहिजे: हा दाणा पुढच्या वर्षी असाच राहील काय? रोग पडेल काय? ‘मी कोण हे करणारा?’ ही शंका त्यांनी शेताच्या बांधावर ठेवली असावी, नाहीतर दुसऱ्या हंगामाची पेरणी झालीच नसती.

या दोन शंकांमधला भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिली शंका वस्तूविषयी आहे. ती निर्मितीला आवश्यक आहे. ती ज्याला नाही त्याच्या हातून चांगले काही घडत नाही. दुसरी शंका अधिकाराविषयी आहे. तिने वस्तू तिळभरही सुधारत नाही. ती फक्त हात थांबवते. पहिलीचे उत्तर शेतात, भट्टीत, वाचकाच्या चेहऱ्यावर मिळते. दुसरीचे उत्तर कोठेच मिळत नाही, कारण ते देणारा कोणी अधिकारीच नाही. पदवी मिळाल्याने ती शमते, अशी समजूत असेल तर तीही खोटी आहे. पदव्युत्तर वर्गातली हुशार मुले ‘सर, हा आपला विषय नाही’ म्हणून शेजारच्या विषयाचे पुस्तक मिटताना मी तीस वर्षे पाहिली आहेत. पीएच.डी. झालेला माणूस आपल्या प्रबंधाबाहेरचे एक वाक्य लिहायला कचरतो, हे तर विद्यापीठातले नित्याचे दृश्य. ज्यांनी परवाना मिळवला त्यांनाही कुंपण पोचले, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे भय जाते कसे? उपदेशाने जात नाही, हे निश्चित. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असे सांगणारी पुस्तके रेल्वे स्टेशनवर ढिगाने मिळतात. ती वाचून कोणाच्या हातून काही घडल्याचे ऐकिवात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते दोन गोष्टींनी जाते: हत्यारांनी आणि सोबत्यांनी. याचे उदाहरण कोल्हापुरात आहे.

कोल्हापूरच्या कृष्णराव मेस्त्री यांच्या घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम सगळेच चालत असे. त्यांचा मुलगा बाबूराव, जन्म १८९०. कोणत्याही कलाशाळेत तो गेला नाही. चुलतभाऊ आनंदराव यांच्या जोडीने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता दोघांना ‘पेंटर’ हेच आडनाव चिकटले. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर आपणही चित्रपट करावा, हे दोघांच्या मनाने घेतले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो घडवायचे ठरले. जुने यंत्र खोलून पाहायचे, त्याची चाके, दाते, फिल्म सरकवण्याची खुबी समजून घ्यायची आणि तसा भाग येथल्या लेथवर काढायचा, असा तो खटाटोप होता. १९१६ साली आनंदराव वारले. काम तेथेच थांबायचे. पण बाबूरावांबरोबर विष्णुपंत दामले यांच्यासारखे साथीदार होते. कॅमेरा पुरा झाला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याच कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम तयार झाले. त्यांनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था पुण्यात १९६० साली निघाली, ती याच प्रभातच्या जागेत. शिकवणारी संस्था मागून आली. शिकण्यासारखे जे होते ते आधी घडून गेले होते.

या माणसांना एकेकटे धैर्य किती होते, हे मला ठाऊक नाही आणि ते तितकेसे महत्त्वाचेही नाही. त्यांच्याजवळ लेथ होता. एकाला दात्यांचे गणित जमले नाही तर शेजारी बसलेल्याला जमत होते. चुकले तर हसणारे आणि दुरुस्त करणारे एकाच खोलीत होते. ‘मी कोण?’ हा प्रश्न एकट्या माणसाला पोखरतो. कामाच्या घाईत असलेल्या चार माणसांना तो सुचायलाही फुरसत होत नाही. नारायण सुर्वे यांच्यासारख्या रस्त्यावर टाकून दिलेल्या, गिरणगावात वाढलेल्या आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेल्या कवीने आपल्या १९६६ च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, तेव्हा त्यामागेही कामगार चळवळीतले असेच सोबती उभे होते. उलट बहिणाबाई चौधरी पाहा. १८८० ते १९५१ एवढे आयुष्य, अक्षरओळख नाही. गाणी जात्यावर आणि शेतात सुचलेली. मुलाने, सोपानदेवांनी, आणि आप्ताने जेवढी टिपून ठेवली तेवढी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. जी टिपली गेली नाहीत, त्यांचा हिशेब कोण देणार?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उद्या पदवी नसलेल्याने शस्त्रक्रिया करावी काय? पूल बांधावा काय? मुळीच नाही. जेथे करणाऱ्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याला जिवाने मोजावी लागते आणि त्या दुसऱ्याला आधी पारख करण्याचा मार्ग नसतो, तेथे परवाना हवाच, आणि तो कडक हवा. परंतु गोष्ट लिहिणे, कोळपे घडवणे, वाण निवडणे, चाल बांधणे, गावचा इतिहास जमवणे, यांत चुकीची किंमत मुख्यतः करणाराच भरतो आणि वस्तूची पारख कोणालाही करता येते. तांदूळ शिजवून पाहता येतो. अशा ठिकाणी परवाना मागणे म्हणजे पहारेकऱ्याची नोकरी चालू ठेवणे होय.

दुसरी सावधगिरी आमच्या बाजूच्या लोकांसाठी. शाळा न शिकलेल्याच्या निर्मितीचा गौरव करता करता शाळाच नको, असे म्हणणारे एक शहाणपण अलीकडे बोकाळले आहे. ते सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकतात, हे पाहावे. खोब्रागड्यांना तिसरीच्या पुढे शिकता आले नाही, ही त्यांची थोरवी नव्हे. तो आपला गुन्हा आहे. त्यांना वनस्पतिशास्त्र आणि नोंदी ठेवण्याची रीत कोणी शिकवली असती तर सात वर्षांचे काम कदाचित चार वर्षांत झाले असते, आणि विद्यापीठाशी वाद घालायला हातात कागद असता. ज्ञान हवेच, ज्ञानाच्या दारावरची पाटी कोणी लावायची, एवढाच वाद आहे.

तेव्हा मागण्या करायच्या त्या साध्या आणि हाताला लागणाऱ्या असाव्यात. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील लेथ आणि वेल्डिंगची यंत्रे सार्वजनिक पैशांतून आलेली आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका निदेशकाच्या देखरेखीखाली, ती गावच्या माणसांना का वापरता येऊ नयेत? सार्वजनिक वाचनालयांनी व्याख्यानमालांतले एखादे व्याख्यान कमी करून, आपले लिहिलेले वाचून दाखवण्याची आणि त्यावर रोखठोक बोलण्याची बैठक भरवावी. वाचनालयाच्या चिटणीसांना यात खर्च काही नाही, फक्त प्रमुख पाहुण्यांची खुर्ची मोकळी राहील.

आणि शेतीपुरते एक. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. शेतकऱ्याने विकसित केलेले वाण त्याच्याच नावे नोंदवता येते आणि त्यासाठी त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही. तरतूद चांगली आहे. पण अर्जात वाणाचे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता यांची माहिती भरावी लागते, आणि तेथे तो शेतकरी पुन्हा म्हणतो, ‘आपण काही त्यातले शिकलेले नाही.’ कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावांत राहायला जातात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने, निदान धानाच्या चार जिल्ह्यांत, गावात कोणी वेगळे बियाणे राखून आहे काय याची घरोघर चौकशी करावी, त्याच्या हंगामवार नोंदी त्याच्याच नावाने लिहून द्याव्यात आणि अर्ज भरून द्यावा. हे काम धान कापणीच्या आधीच्या पंधरवड्यात सुरू करावे लागेल, कारण लोंबीतला फरक तेव्हाच दिसतो.